आता बरं की मघाशी?

खेळाच्या वेगाशी पडद्याचा वेग जुळवणारं ‘ॲडॅप्टिव्ह सिंक’ नव्या गेमिंग लॅपटॉपवर चालत नसेल, तर तो आजच दुकानात परत द्यायचा होता.

“मी पाठ फिरवतो, तू ते चालू नाहीतर बंद कर. मी नुसतं बघून ओळखतो,” चष्मेवाला बायकोला म्हणाला. “दिवसभर लोकांचे डोळे तपासतो मी.”

पाच वेळा तो पडद्यावरच्या गाड्यांच्या शर्यतीकडे वळला. “आता गाडी गचके खातेय, म्हणजे बंद.” “आता कशी लोण्यासारखी पळतेय, म्हणजे चालू.” दर वेळी बायकोने तोंड उघडायच्या आत हा पुन्हा पाठमोरा.

“झकास चालतंय,” शेवटी त्याने निकाल दिला. “लॅपटॉप ठेवायचा.”



“ठेवा की,” बायको म्हणाली. “पण ते बटण कुठंय ते दाखवा एकदा. मघापासून तेच शोधतेय.”