भाकरीची वाटणी

भाऊसाहेबांच्या आईचा फोटो डोळ्यांपाशी नेऊन इरेनाबाईंनी नकारार्थी मान हलवली. नऊवारीतल्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या त्या गोऱ्या बाईला त्या ओळखत नव्हत्या.

भाऊसाहेबांचा चेहरा पडला. पंचाहत्तरी उलटली तरी आपल्या आईचं माहेर त्यांना ठाऊक नव्हतं. युद्धात रशियात लाकूडतोडीला जुंपलेली पोलिश मुलगी, मग कोल्हापूरजवळ वळिवड्याची निर्वासित छावणी, एवढंच. लग्नात सासरच्यांनी नाव मालती ठेवलं, आधीचं तिने कधी सांगितलं नाही. तिच्या माणसांपैकी कुणीतरी भेटावं, हा ध्यास म्हाताऱ्याला मुलाच्या सिंगापुरातल्या, वुडलँड्समधल्या फ्लॅटवरही सोडत नव्हता. शेवटी नात गार्गीने इंटरनेट पालथं घातलं. त्याच लाकूडतोडीतून वाचलेल्या इरेनाबाई सिंगापुरातच, लेकीकडे राहत होत्या. आज त्या या फ्लॅटवर जेवायला आल्या होत्या.

“तिथे एक मुकादमीण होती,” इरेनाबाई संथ इंग्रजीत म्हणाल्या. “आमच्यातलीच, पोलिश. पाव तीच वाटायची. माझी आई तापाने फणफणली, लाकूड कमी भरलं. त्या बाईने तिचा पाव बंद केला. आई गेली. मी आठ वर्षांची होते.”

“अशा बाईचं तोंडसुद्धा बघू नये,” भाऊसाहेब संतापून म्हणाले.

“आम्ही ते कधी बघितलंच नाही. पाव घेताना मान वर करायची नाही, असा दंडक होता.”

भाऊसाहेबांनी फोटो जवळ ओढला. “माझी आईही त्याच रांगेत उभी असणार हो.”

इरेनाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“आजोबा, लंच रेडी. कम लाह,” गार्गीने सिंगापुरी ढंगात हाक मारली.

टेबलावर पिठलं होतं आणि लिटिल इंडियातून आणलेल्या पिठाच्या भाकऱ्या. खूप दिवसांनी घरात आईबद्दल बोलणं निघालं होतं, भाऊसाहेब खुलले.

“आमच्याकडे भाकरी आईच्याच पद्धतीने वाटतात. तिने भूक पाहिली होती ना! ती गेली तरी आम्ही ही रीत मोडली नाही.”

गार्गी हसली. आजोबांचा हा सोहळा ती लहानपणापासून पाहत आली होती.

भाऊसाहेबांनी सुरीने भाकरीचे अगदी सारखे तुकडे केले. मग आई करायची तसंच, सुरीच्या मुठीने टेबलावर ठोकलं. दोनदा, आणि जरा थांबून एकदा.

इरेनाबाईंची काठी खाली पडली. त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या, मान खाली घातली आणि ओंजळ भाऊसाहेबांपुढे धरली.