प्रवाळाखालचं जाळं

समुद्राच्या तळाशी अडकलेलं कासव श्वास घ्यायला वर जाण्यासाठी धडपडत होतं. नायलॉनच्या जुन्या जाळ्यात त्याची मान आवळली होती. वृंदा मयेकरने सुरी काढली, तोच तिच्या मास्कमध्ये देखरेख करणाऱ्या यंत्राचा आवाज घुमला, "जाळ्यावर संरक्षित प्रवाळ आहे. हात लावू नका."

वृंदाचं डोकं भडकलं. प्रयोगशाळेत घडवलेलं, झपाट्याने वाढणारं हे प्रवाळ समुद्रात सोडल्यापासून तिला आणि आंतोन फर्नांडिसला दर रविवारी हेच ऐकावं लागे. बाटली असो की टायर, आठवडाभरात त्यावर प्रवाळ चढे आणि कचऱ्याला कायद्याचं कवच मिळे. स्वखुशीने साफसफाईला आलेली ही दोघं रिकाम्या पिशव्या घेऊन देवबागच्या किनाऱ्याला परतत.

"कापू नको गे, परवानो जातलो," जवळच पोहणाऱ्या आंतोनचा आवाज मास्कमध्ये आला.

"आणि ह्याचो जीव?" म्हणत तिने जाळं कापलं. कासव सुटून वर निघालं.

"आपला बुडी मारण्याचा परवाना कायमचा रद्द झाला आहे," यंत्राने सांगितलं.

 वृंदा खडकाला वेढून बसलेल्या दुसऱ्या जाळ्याकडे वळली. आता घालवायला काही उरलंच नव्हतं. तिने पहिला दोर कापला, तोवर पलीकडून आंतोनचीही सुरी चालू झाली होती.