टेकरीवरचा आवाज

मिशनच्या शाळेत मिसबाईंनी सांगितलं की यहुद्यांच्या पवित्र ग्रंथात देव बहुधा डोंगरावरच भेटतो. एकदा त्याने एका बापाला पोटचा मुलगा बळी द्यायला डोंगरावर बोलावलं. लाकडं मुलाच्याच पाठीवर होती. बापाने सुरी उचलली तेव्हा वरून आवाज आला, "थांब."

रविवारी पद्मजाचे वडील, नाना, म्हणाले, "पद्मा, चल जल्दी, बिजासनच्या टेकरीवर दाल-बाफले करू."

बाफले भाजायच्या गोवऱ्यांची टोपली पद्मजाकडे आली. काडेपेटी आणि सुरी नानांच्या पिशवीत होती.

अर्ध्या चढावर तिने विचारलं, "नाना, आई का नाही आली?"

"तिला रडू येतं."

"आणि मला नवं पातळ कशाला?"

"वर गेल्यावर कळेल."

"चारपर्यंत परत येऊ ना? अभ्यास आहे, पुढल्या वर्षी मॅट्रिक आहे माझी."

नानांनी सुरीची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

वर सतरंजी अंथरलेली होती. राज्याची राजधानी दर वर्षीसारखी सहा महिन्यांसाठी ग्वाल्हेरहून इंदूरला आली होती; तिच्याबरोबर आलेले नानांचे साहेब सतरंजीवर बसले होते. शेजारी बाईसाहेब आणि त्यांचा चष्मेवाला मुलगा. बाईसाहेबांनी पद्मजाला चालून दाखवायला सांगितलं, केस सोडून बघितले, दातही बघितले. नाना हात जोडून उभे होते. पद्मजाने आभाळाकडे कान लावला.

आवाज आला.

"मुलगी पसंत आहे," बाईसाहेब म्हणाल्या. "शाळा तेवढी थांबवा."