वीत वीत वाढणारा तारा

"पाच मिनिटं. तेवढ्यात एका तरी पोराला तुझं विज्ञान कळलं, तर दर रविवारी हॉल तुझा." मंडळाचे अध्यक्ष सदाशिवराव यशश्रीला म्हणाले, किल्ली टेबलावर ठेवली आणि मोबाइलमध्ये शिरले.

खगोलशास्त्रज्ञ यशश्रीला नया बाजार वस्तीतल्या मुलांसाठी विज्ञानाचा वर्ग काढायचा होता. दोन वर्षं ती हॉल मागत होती. पण रविवारी हॉल कुलपात ठेवण्याची मंडळाची थोर परंपरा होती.

प्रोजेक्टर बंद होता. अध्यक्षांच्या सिंगापूर सहलीचे चारशे फोटो दाखवता दाखवता तो जळाला होता. यशश्रीने मग हातातला छापील चित्राचा कागदच उंच धरला.

"हा फुटलेला तारा. मोठा तारा मरतो तेव्हा फुटतो आणि त्याचं कवच चहूकडे पसरत जातं. देशोदेशीच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून आम्ही दर वर्षी त्याचं चित्र घेतो. चंद्रावर माणूस उभा असला तर दिसेल, इतकी तीक्ष्ण नजर!"

"ताई, पण ये तो मेदूवडा है," पहिल्या रांगेतली मधुवंती म्हणाली. "वो भी धुंधला."

पोरं खिदळली. सदाशिवरावांनी मान वर न करता मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. दोन मिनिटं उरली होती.

यशश्रीने भिंतीकडे पाहिलं. तिथे गेल्या चार गणेशोत्सवांचे फ्लेक्स ओळीने टांगलेले होते. ते उतरवायची कुणाची छाती नव्हती. प्रत्येकावर अध्यक्षांचा हसरा चेहरा होता. कोपऱ्यात जागा उरली तिथे गणपतीही होता.

"मधुवंती, बाकावर चढ. काकांचा चेहरा मोज बरं. जुन्यापासून."

मधुवंतीने वीत लावली. "हा एक वीत. पुढचा दोन. हा तीन. आणि ह्या वर्षीचा... चार!"

"दर वर्षी कितीने वाढला?"

"एक वीत."

"ताऱ्याचंही आम्ही असंच मोजतो. आता उलटी जा. शून्य कधी होता?"

मधुवंतीने एकेक बोट मिटलं. "चार वर्षांपूर्वी! म्हणजे तेव्हा फुटला!"

"अरे, तभी तो काका अध्यक्ष बने थे!" मागून कुणीतरी ओरडलं.

हॉल दणाणला. भिंतीला टेकून बसलेल्या आया पदरात तोंड लपवून हसल्या. सदाशिवरावांनी आता कुठे मान वर केली.

"काय झालं रे, पुष्कर?"

मंडळाचे चिटणीस पुष्कर पटकन पुढे आले. "पोरांना कळलं, काका. यशश्रीने तुमचंच उदाहरण दिलं. ताऱ्यासाठी."

"माझं? ताऱ्यासाठी?" सदाशिवराव उजळले. त्यांनी उठून किल्ली स्वतःच्या हाताने यशश्रीला दिली, मायेने तिची पाठ थोपटली आणि चिटणिसांकडे वळले.

"पुष्कर, पुढच्या वर्षी माझा फोटो जरा आणखी मोठा छाप."