हलू नका

"इथं सही करा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी कागद टेबलावर सरकवला. टेबल डुगडुगलं. त्याचा एक पाय आखूड होता, आणि ते बदलून द्या म्हणून रक्त काढणाऱ्या बाईने सहा महिने सगळ्यांची डोकी खाल्ली होती.

कागदावर एकच ओळ होती : रुग्णांशी कामापुरतंच बोलेन. तिची तात्पुरती नेमणूक महिनाअखेर संपत होती. सही केली तर नोकरी कायम, नाही तर एक तारखेपासून घरी.

"माझं काम चुकलं का? कुणाला दोनदा टोचलं?"

"काम चांगलं आहे, तोंड आवरा. तक्रार आलीय. तुमच्या किनाऱ्याकडं चालत असेल हे. हे पठार आहे. इथली माणसं थट्टा करत नाहीत."

"सुई मात्र दोन्हीकडे सारखीच दुखते, सिस्टर."

किनाऱ्यावरच्या दवाखान्यात ती जिच्या हाताखाली शिकली, त्या म्हाताऱ्या नर्सने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं : आधी हसव, मग टोच. हसणाऱ्याचा हात सैल पडतो. तिकडे माणसं खुर्चीत बसायच्या आधीच हसायला लागत. इथे सहा महिन्यांत एकाचीही मिशी हलली नव्हती. घरी जाऊन ती नवऱ्याला विचारायची, "अरे, हसण्यासारखं आहे ना हे?" तो पोट धरून हसायचा. पण तोही किनाऱ्याकडचाच, त्याची साक्ष काय कामाची?

"पुढचे या," तिने हाक मारली. कागद तसाच पडून राहिला.

घड्याळं दुरुस्त करणारे काका आत आले. दर महिन्याला यायचे. चेहरा असा, की दुकान बंद आहे असं वाटून गिऱ्हाईक परत जावं. त्यांनी बाहीच्या मोजून तीन घड्या घातल्या आणि हात पुढे केला. मोठ्या सिस्टर तक्रारवही काखेत धरून दाराशीच उभ्या राहिल्या.

तिने दंडाला पट्टा बांधला. गप्प राहिली. काकांचा हात लाकडासारखा ताठ झाला. शीर दिसेना. बोटाने चाचपली, तर होती तीही दडून बसली.

तिला नोकरी हवी होती, यात खोटं काही नाही. नव्या गावात घर मांडलं होतं, मुलीला शाळेत घातलं होतं. पण या ताठ हातात मुकाट्याने सुई खुपसायची? तिला भीती वाटली होती, त्या भीतीचा आता राग झाला. नाही हसत, तर नका हसू. मी सांगणार. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे तिला कळत होतं, आणि तरी तिने तोंड उघडलं. घाईत जो विनोद आठवला तो सांगायला घेतला.

"काका, आमच्या गावचा एक नावाडी सासूला घेऊन पलीकडे निघाला. मध्यावर आल्यावर सासू म्हणते, जावईबापू, होडीला भोक आहे असं ऐकलं होतं, मग पाणी कसं येत नाही? तो म्हणाला, सासूबाई, हलू नका..."

सुई आत गेली.

"...त्याच्यावरच बसलाय तुम्ही!"

काकांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. पण हात सैल पडला होता, नळी झरझर भरली. तिने कापूस दाबून धरायला सांगितला. काकांनी तो कोपर दुमडून दाबला, उठले आणि दुसरा हात मोठ्या सिस्टरपुढे केला.

"वही द्या."

"बघा," मोठ्या सिस्टर तिला म्हणाल्या. "माझ्यादेखत."

काकांनी मुंगीच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या. वरची, बरोबर महिन्यापूर्वीची तक्रारही त्याच अक्षरात होती, हे तिला आता दिसलं. 'रक्त काढणाऱ्या बाई विनोद सांगतात. नोंद घ्यावी.'

मोठ्या सिस्टर नवी तक्रार मोठ्याने वाचू लागल्या. "'आज मागच्याच महिन्यातला विनोद पुन्हा सांगितला...'" त्यांचा आवाज हळू झाला. "'हे योग्य नाही. नोंद घ्यावी.'" त्यांनी वर पाहिलं. "काका, थट्टा करताय का?"

"मी?" काकांनी बाहीची एक एक घडी उलगडली. "मी पठारावरचा आहे, बाई. आम्ही थट्टा करत नाही."

ते गेले. बाहेरच्या बाकांवर दहाबारा माणसं ओळीने बसली होती, सगळी समोरच्या भिंतीकडे पाहत. त्यांतला पोस्टमन उठला, आत आला आणि त्याच दगडी चेहऱ्याने म्हणाला, "मला जुनाच चालेल. मागच्या महिन्यात मी रजेवर होतो."

कुणीच हसलं नाही. तिच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. सहा महिने ती मुक्या माणसांत राहत नव्हती तर! ही सगळी ऐकत होती, आणि जपून ठेवत होती.

"सही करताय ना?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं. "एक तारीख लांब नाही."

तिने कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि वाकून टेबलाच्या आखूड पायाखाली नीट बसवला. टेबल हलवून पाहिलं. ढिम्म हललं नाही.

"बसा," ती पोस्टमनला म्हणाली. "आमच्या गावचा एक नावाडी होता..."