वरच्या दालनातील कपाट

"जागा शिल्लक नाही." संगणकाने चौथ्यांदा तेच उत्तर दिले आणि चित्रांची साठवण सांभाळणाऱ्या सत्यवाणीच्या मस्तकात संतापाची तिडीक उठली.

जागा होती. विशाखापट्टणमच्या त्या कर्करोग रुग्णालयात डिस्कांनी भरलेली चार कपाटे होती. दोन वरच्या दालनात, दोन तळघरात. परंतु नव्या स्कॅनयंत्राच्या चित्रांसाठी जागा राखताना तिने तीन अटी घातल्या होत्या. डिस्क वेगवान असाव्यात. जीर्ण कपाट वर्ज्य असावे. प्रत्येक चित्राच्या दोन प्रती दोन भिन्न दालनांत राहाव्यात. एकेक अट घेतली तर जागा मुबलक होती. तिन्ही एकत्र येताच वरचे दालन बाद होत होते. कारण वरचे एक कपाट मंद होते, तर दुसरे वेगवान खरे, पण जीर्ण. नवी वेगवान कपाटे दोन्ही तळघरात! ती आली त्या दिवशी लिफ्ट बंद होती. जिथे उतरवली तिथेच ती राहिली.

"अम्मा, ती दोन दालनांची अट काढून टाका," विभागप्रमुख अप्पलनायडू म्हणाले. "दोन्ही प्रती तळघरात राहिल्या तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"मागच्या तुफानात कोसळलं होतं, सर. तळघरात कमरेइतकं पाणी होतं. दोन्ही प्रती बुडाल्या. त्यात माझ्या वडिलांची चित्रं होती. पुन्हा काढायला नंबर लागेपर्यंत गाठ दुप्पट झाली."

"झालं तुमचं सुरू! दोन वाजता यंत्र चालू व्हायचं म्हणजे व्हायचं. जा, आधी जेवून घ्या. डोकं थंड होईल."

पुलिहोऱ्याचा, म्हणजे चिंचभाताचा, डबा तिने उघडला आणि तसाच मिटला. अडीच वाजता ती परतली तेव्हा यंत्र सुरू झालेले होते. पडद्यावर 'मंजूर' असे झळकत होते. तिन्ही अटी जागच्या जागी होत्या.

"बघा, एकसुद्धा अट मोडली नाही," नायडू सुपारी चघळत म्हणाले. "जरा गोडीनं घ्यावं लागतं, अम्मा. तुमच्यासारखं तलवार उपसून नाही."

ती वरच्या दालनात गेली. तिथे तीच दोन कपाटे होती, एक मंद, एक जीर्ण. मग तिने पडद्यावर नीट पाहिले. तळघरातील एका नव्या कपाटाच्या नावापुढे कुणीतरी 'वरचे दालन' असे टंकले होते. संगणकाला डोळे नसतात. कपाट कुठे उभे आहे, हे माणूस सांगेल तेच तो सत्य मानतो.

ती तळघरात उतरली. मुख्य कळीवर तिने हात ठेवला आणि नायडूंना फोन लावला.

"सर, तळघराची वीज बंद करतेय. एक प्रत वर आहेच. काम चालू राहील."

नायडू धापा टाकत, एक चप्पल जिन्यातच टाकून खाली आले. "हात काढा! वेड लागलंय का? टेबलावर पेशंट आहे!"

"मग वरची प्रत कुठे आहे?"

नायडूंनी कळीवरच्या तिच्या हाताकडे पाहिले. ती कळ तिने दाबली नसती. परंतु हे केवळ तिलाच ठाऊक होते.

"बरं बाई, चुकलं," ते अखेर पुटपुटले. "नोंद पूर्ववत करून देतो."

"नोंदीला हात लावू नका, सर. कपाटाला लावा."

दुसऱ्या कपाटातील प्रतीवर यंत्राचे काम चालू राहिले. खोटी नोंद केलेले कपाट तारा काढून सोडवले गेले. लिफ्ट त्याही दिवशी बंदच होती. चौघा हमालांनी ते बेचाळीस पायऱ्या वर चढवले. मागचा कोपरा, अनवाणी एका पायाने, अप्पलनायडूंनी धरला होता.

संध्याकाळी ते वर जोडून झाले, तेव्हा संगणकात एक अक्षरही बदलावे लागले नाही.