कपाटाला गिऱ्हाईक

आजीबाईंनी जुनं लाकडी कपाट विकायला काढलं. ते बाहेरच्या खोलीत मधोमध आणवलं आणि मुलाला फोनवर जाहिरात टाकायला लावली.

गिऱ्हाईक आलं की आधी खुर्ची पुढे. "बस बाळा. घर स्वतःचं की भाड्याचं? घरात कोण कोण असतं? नोकरी कायमची ना?" मग आत हाक, "अगं, पाणी आण." आलेल्या प्रत्येक स्थळाला नाक मुरडणारी नात निमूट पाणी ठेवून जायची. कपाट मात्र जागचं हलत नव्हतं.

शेवटी मुलगा वैतागला. "आई, हे तिसरं अ‍ॅप. आजचा माणूस मागू ती किंमत देत होता. त्याला का घालवलंस?"



"मेला दोन पोरांचा बाप निघाला. तू आता चौथं अ‍ॅप बघ."